दांड्याच्या टोकाला

"हे बूट कुणाचे गं?" थोरलीने मशीनचं चाक हाताने थांबवत विचारलं.

समोर दोन जोड होते. एक नातीचा, चिमुकला; त्याला टाचेवरून इलॅस्टिक शिवून द्यायचं काम तिनेच अंगावर घेतलं होतं. आणि दुसरा... तसाच मऊ, गुलाबी कातड्याचा, पण चांगल्या मोठ्या बाईच्या मापाचा!

"तुमचे," सूनबाई म्हणाली. "शनिवारच्या बॅलेच्या वर्गात मुलाबरोबर घरच्या एका मोठ्या माणसानंही शिकायचं असतं. माझी तर शनिवारी इस्पितळात ड्यूटी. भिंगरीबरोबर तुम्ही जायचं."

सूनबाई तशी आतल्या गाठीची. बूट आधी आणायचे आणि परवानगी मागाहून मागायची, ही तिची रीत. थोरलीने तिच्याकडे क्षणभर रोखून पाहिलं.

"तो वर्ग कोण घेतं, ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे, आई," सूनबाई म्हणाली. "म्हणूनच तर... पंचवीस वर्षं झाली हो! सख्ख्या बहिणी ना तुम्ही? आता ती याच गावात परतलीय, चार गल्ल्या पलीकडे राहते, आणि तुम्ही रस्ता बदलून बाजारात जाता!"

"बरं," थोरली म्हणाली, आणि तिने सुईत दोरा ओवला.

गेली पंचवीस वर्षं ती सगळ्यालाच 'बरं' म्हणत आली होती. लग्नकार्य निघालं, बरं. नातवंड झालं, बरं. गिऱ्हाइकाने शिवलेली बाही तिसऱ्यांदा उसवायला लावली, तरी बरंच! लोक म्हणायचे, काय सोशिक बाई आहे! पण ते सोसणं नव्हतंच. सोसायला आधी काही वाटावं लागतं... आणि तिचं काळीज कधीच बधिर होऊन गेलं होतं. नाही म्हणायलासुद्धा अंगात थोडी ऊब लागते, ती तिच्यापाशी नव्हती, म्हणून ती वर्गाला निघाली एवढंच.

ती ऊब कुठे गेली, ते सांगायला हवं. थोरली तेरा वर्षांची आणि धाकटी आठची असताना दोघींचीही नावं बॅलेच्या शाळेत घातली होती. त्याच आठवड्यात आईला पक्षाघात झाला. वडील छापखान्यात दुपारपाळीला. संध्याकाळी आईजवळ कुणीतरी थांबायलाच हवं होतं. धाकटीच्या डोळ्यांत पाणी पाहून थोरली नाक मुरडून म्हणाली, "मला मेलं आवडतच नाही ते नाचणं! तू जा." धाकटीने ते खरं मानलं. आठ वर्षांच्या पोरीने दुसरं काय करावं?

पुढे धाकटी मोठ्या कंपनीत गेली, परगावी राहिली. तिला पहिली मुख्य भूमिका मिळाली आणि नेमक्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी आई गेली. थोरलीने फोन उचलला... आणि तसाच खाली ठेवला. पोरीची इतक्या वर्षांची तपश्चर्या मातीत जाईल, उद्याचा दिवस होऊन जाऊ दे, असं तिने आपल्या मनाशी ठरवलं. धाकटी आली तेव्हा खोली पुसून झाली होती, अंथरूण गुंडाळलेलं होतं. "मला आईचं तोंडसुद्धा पाहू दिलं नाहीस!" तिने टाहो फोडला होता. "तू माणूस नाहीस, ताई! पुन्हा मला बहीण म्हणू नकोस!" त्या दिवसापासून थोरलीच्या आतलं सगळं गप्प झालं.

शनिवारी सकाळी ती भिंगरीचं बोट धरून चष्म्याच्या दुकानावरचा जिना चढली. वर लांबलचक खोली, लाकडी जमीन, एका भिंतीला आरसे आणि दुसऱ्या भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर लावलेला गुळगुळीत दांडा. निवृत्त पोस्टमन आजोबा नातवाशेजारी पोट आत ओढून उभे होते, आणि ते काही केल्या आत जात नव्हतं.

धाकटी आत आली. केस पिकलेले, मान मात्र तश्शीच ताठ. थोरलीवर नजर पडताच तिची पावलं अडखळली. पण एकच निमिष!

"नवीन आहात ना? तुम्ही दांड्याच्या टोकाला उभ्या राहा," ती म्हणाली.

तुम्ही! सख्ख्या बहिणीला! थोरली वाट पाहत राहिली, की आता छातीत काहीतरी तुटेल. काही तुटलं नाही. ती जाऊन टोकाला उभी राहिली.

पियानोची टेप सुरू झाली. "टाचा जुळवा, गुडघे बाहेर, हळूच वाका... एक, दोन..." सगळी रांग वाकली. थोरली वाकलीच नाही. तिने पाय जमिनीत रोवले, श्वास धरला आणि डावा खांदा चार बोटं खाली सोडून ती खांबासारखी स्तब्ध राहिली.

"आजी, वाक ना!" भिंगरी कुजबुजली. "सगळे वाकलेत!"

एकेकाची पाठ सरळ करत धाकटी रांगेच्या टोकाशी आली. सूचना द्यायला तिने तोंड उघडलं... आणि ते उघडंच राहिलं. तो खाली सोडलेला खांदा!

घरी सरावाला दांडा नव्हता. खुर्ची कलंडायची, दार हलायचं. मग रोज संध्याकाळी थोरली चुलीशी भांडं ढवळत उभी राहायची आणि धाकटी तिच्या खांद्याला धरून आकडे म्हणत वाकायची. "ताई, हलू नकोस हं!" धाकटीचा हात पोचावा म्हणून थोरली खांदा खाली सोडायची. एक नाही, दोन नाही, नऊ वर्षं! आकडे कानी पडले की स्थिर राहायचं, एवढंच बॅले त्या देहाला येत होतं.

आता धाकटी तिच्याहून उंच होती. तरीही तिचा हात आपसूक त्या खांद्यावर गेला.

"तुला तर नाच आवडत नव्हता, ताई," धाकटी म्हणाली. "मग का आलीस?"

"आवडत होता."

"काय?"

"तुझ्याइतकाच आवडत होता गं. पण आईजवळ कोण थांबलं असतं?" थोरली समोरच्या भिंतीकडे पाहत बोलत होती. "ते राहू दे, त्याचं मला काही नाही. पण तो फोन... तो मी करायला हवा होता. यायचं की नाचायचं, ते तू ठरवायचं होतंस. मीच ठरवून टाकलं. तुझी आई मी तुझ्यापासून हिरावून घेतली. चुकलं माझं."

पंचवीस वर्षं धाकटीला शंभर स्पष्टीकरणं ऐकायची होती आणि त्यातलं एकही आता नको होतं. ती वळली, थोरलीच्या शेजारी पाय रोवून उभी राहिली.

"दांडा सोड. माझ्या खांद्याला धर, आणि वाक."

"मला नाही जमायचं."

"वाक गं, ताई!"

थोरली वाकली. गुडघे करकरले. पुन्हा वाकली. तिसऱ्या खेपेला मांड्या थरथरू लागल्या, आणि मग ती कळ वर चढत चढत पोटात, छातीत, थेट गळ्याशी आली. तिने बहिणीचा खांदा गच्च आवळला.

"दुखतंय?" धाकटीने विचारलं.

"हो..." थोरलीचा चेहरा वेडावाकडा झाला, डोळ्यांतून धारा लागल्या. "दुखतंय गं! फार दुखतंय... आई गेली गं आपली!"

"हो, ताई... गेली," धाकटी म्हणाली, आणि तिने थोरलीला कवेत घेतलं.

टेप चालूच होती. रांग अर्धवट वाकून ताटकळली होती, पोस्टमन आजोबांचा तर घामच निघाला होता. मोजणारं कुणीच उरलं नाही हे पाहून भिंगरीने मोठ्याने आकडे म्हणायला सुरुवात केली; पाचानंतर ती सात म्हणाली, पण कुणी तिला टोकलं नाही.