एक नंबरचं गाणं

"हात काढा टेबलावरून!"

मी ओरडले, पण उशीर झाला होता. बहिणीच्या लग्नाची पत्रिका वाटत फिरणारा पोरगा घरमालकांचं दार समजून माझ्या खोलीत घुसला, टेबलाला धडकला, आणि कॉम्प्युटरच्या रायटरमध्ये मी गाणी भरत होते ती सीडी अर्ध्यावर वाया गेली.

"एवढ्यानं?"

"एवढ्यानंच. नाव काय?"

"रावसाहेब."

"मिसरूड फुटलं नाही नीट, आणि साहेब?"

"आमच्याकडं पाळण्यातच साहेब व्हत्यात... तुमी?"

"यशोधरा."

नाव ऐकलं की लोक आडनाव विचारतात, मग तहान विसरतात. राहुरीत, नव्व्याण्णव साली. हा म्हणाला, "पानी मिळंल का?"

मग तो रोज कॅसेटी घेऊन यायला लागला. हळदीला वाजवायला निवडक वीस गाणी एका सीडीत हवी होती. कॅसेट जेवढा वेळ वाजते, तेवढाच वेळ कॉम्प्युटरवर उतरवायला लागतो. तेवढा वेळ तो स्टुलावर, टेबलापासून दोन हात लांब, हात मांडीवर.

"काय बघताय?"

"गाणं कुठून आत जातंय ते."

"वायरीतून जातं. माझ्या कानातल्यातून नाही."

तो लाजला — आणि बघतच राहिला.

एकदा मी माझ्या आईची कॅसेट लावली होती. आई, रतनबाई, जयंतीला गायची. फीत झिजत चाललेली. रावसाहेबनं डोळे मिटून ऐकलं. "हे बी टाका माझ्या सीडीत."

"भीमगीत आहे. तुमच्या मांडवात चालेल?"

"टाका म्हनतो ना."

टाकलं. मधे लपवलं नाही. एक नंबर दिला — वाजेल तर पहिलं.

हळदीच्या सकाळी तो सीडी घेऊन परत आला. मान खाली.

"दादा म्हनतो, पहिलं गाणं पुसून आन."

"कॅसेट आहे का ही? एकदा लिहिली की पुसत नाही."

"मग... दुसरी?"

"पाऊण तासात देते. पण मग या दारात पाय ठेवायचा नाही. माझं पाणी गोड लागतं आणि आईचा आवाज चालत नाही — असलं प्रेम मला नको."

प्रेम हा शब्द मीच आधी बोलले. बोलले तर बोलले!

त्यानं सीडी काखेत धरली. मग खिशातून एक पत्रिका काढली, माझंच पेन घेतलं आणि लिहिलं — श्रीमती रतनबाई व कुमारी यशोधरा.

"संध्याकाळी या. दोघी बी."

गेलो. मांडवात बायका कुजबुजल्या. आईनं पदर नीट केला आणि पुढच्या रांगेत बसली. रावसाहेबनं नगरहून आणलेल्या, टेबलावर मांडलेल्या नव्या प्लेअरमध्ये सीडी सरकवली. कर्ण्यातून आईचा आवाज साऱ्या आळीवर गेला.

त्याचा दादा तरातरा आला, बटणाकडं हात नेला.

रावसाहेब आडवा उभा राहिला. माझ्याकडं बघितलं, आणि असा ओरडला की कोपऱ्यात सूर जुळवणारा सनईवालाही थांबला —

"हात काढ टेबलावरून!"