ओढ्यापलीकडच्या छत्र्या

गावाचं नाव मी सांगणार नाही. हिंगोलीकडच्या डोंगरकडा गावापासून पायी जाता येईल इतकं जवळ आहे, एवढं पुरे. गोष्ट लाजेची आहे आणि तिच्यातल्या लेकीसुना अजून तिथेच नांदतात.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर माझी तिथल्या उपकेंद्रात नर्स म्हणून बदली झाली. माझे यजमान, अमृतराव, गावच्याच शाळेत विज्ञान शिकवायचे. आम्ही बौद्ध, त्यामुळे गावात खोली मिळता मिळेना. शेवटी मंजुळाबाई नावाच्या एका विधवा शेतकरणीने घराच्या मागच्या अंगाची खोली दिली. सिस्टर घरात असली तर अडीअडचणीला कामी येईल, असा रोकडा विचार त्यांनी केला होता आणि मला तो आवडला होता.

खोलीवर मातीचं माळवद होतं, चढायला शिडी. वरून पूर्वेला ओढा दिसायचा आणि ओढ्यापलीकडे बाभळी. तिथे गावच्या बायकांची गोदरी होती. संडास त्या काळी गावात कुणाकडेच नव्हता. अंधार पडला की बायका टमरेल घेऊन घोळक्याने बाभळींत जायच्या. मीही जायचे.

दुर्बीण आली ती नांदेडच्या जुन्या बाजारातून. लष्करातली, दोन डोळ्यांची, काळा रंग उडून पितळ उघडं पडलेली. मी म्हटलं, "घरात धड कढई नाही आणि तुम्ही चांदण्या घ्यायला निघालात." ह्यांना असल्या बोलण्याचं काही वाटत नसे. मार्गशीर्ष होता. जेवण झालं की हे माळवदावर जाऊन बसायचे. कोपरं गुडघ्यांवर टेकवायचे, म्हणजे दुर्बीण हलत नाही.

एकदा मलाही वर नेलं. आधी कृत्तिका दाखवल्या. नुसत्या डोळ्यांना दिसतात त्या मोजून सहा. दुर्बिणीत मात्र परातीत लाह्या सांडाव्यात तशा चांदण्याच चांदण्या दिसल्या आणि मी टोमणे मारायचं विसरले. मग ह्यांनी दुर्बीण खाली, ओढ्यावर उगवून आलेल्या मृगाकडे वळवून दिली. मृगाच्या कमरेच्या तीन ताऱ्यांना आमच्याकडे तिकांडं म्हणतात. तिकांड्याला लागून बारीक चांदण्यांची एक ओळ लोंबते. त्या ओळीच्या मधोमध एक धुरकट डाग होता.

"काच खराब झालीय," म्हणून मी ती पदराने पुसली. डाग तिथेच.

हे हसले. "तो तेजोमेघ आहे. काचेवर नाही, पार तिकडे आहे."

मी पुन्हा पाहिलं. थंडीत खिडकीच्या काचेजवळ तोंड नेऊन कुणी श्वास सोडला, की वाफ धरते ना, तसा तो डाग होता. हे मी ह्यांना सांगितलं नाही. बाळंतपणं करणाऱ्या बाईने असलं काही बोलू नये असं मला वाटलं.

पौष लागला आणि मंजुळाबाई एके दुपारी उपकेंद्रात आल्या. डोकं दुखतंय म्हणाल्या. मी गोळी दिली, ती त्या मुठीतच धरून बसल्या.

"सिस्टर, मास्तर रोज वर चढून काय बघतेत वो?"

"चांदण्या."

"वढ्याकडं?"

"तिकडूनच उगवतात ना त्या."

"बायका बोलून राहिल्यात." त्यांनी गोळीकडे बघतच सांगितलं. "गोदरीत बसलं की पाठीवर नजर पडती म्हणतेत. म्या म्हनलं, उगी काही बी. पन मला बी पडली. आता मला म्हातारीला कोन काहून बघंल? पन पडली बगा."

अशा वेळी बायकोने नवऱ्याची बाजू घ्यायची असते. मी ती घेतली नाही. मला फक्त लाज वाटली. मीही तिथेच जात होते, त्या बायकांच्या शेजारी बसत होते, आणि वर माळवदावर माझाच नवरा दुर्बीण लावून बसत होता.

रात्री विषय काढला. हे आधी समजलेच नाहीत. समजलं तेव्हा चेहरा उतरला.

"अगं, अंधारात मला काय दिसणार आहे? दुर्बीण आहे ती, दिवा नाही."

बोलणं बरोबर होतं. मला पटायला हवं होतं.

"लोकांना मी काय सांगू?"

"तुला जे वाटतं ते सांग," हे म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी तव्यावरची भाकरी उलटली. थोड्या वेळाने ह्यांनी आपण होऊन दुर्बीण आणून माझ्यापुढे ठेवली. मी ती लोखंडी पेटीत घातली, कुलूप लावलं आणि चावी कमरेला खोचली. हे सगळं ह्यांच्या डोळ्यांदेखत केलं.

दोन दिवसांनी पोलीस पाटील उकंडराव दारात आले. आत आले नाहीत. "मास्तर, सोमवारी पारावर या. गावाला खुलासा पायजे." गल्लीतली जवान पोरं खुलाशाच्या पुढचंही बोलत होती. त्यात काठ्या होत्या. बायकांकडे बघणारा मास्तर म्हणून एकदा नाव झालं असतं तर कुठल्याही गावच्या शाळेने ह्यांना उभं केलं नसतं.

सोमवारच्या आधी ह्यांना शिक्षकांच्या शिबिराला हिंगोलीला जावं लागलं. मुक्काम तिकडेच होता. दुपारच्या गाडीला मी स्वतः बसवून दिलं.

त्या संध्याकाळी बायकांसोबत मी ओढा ओलांडला. माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. बाभळींत पोचल्यावर सगळ्या गावाकडे तोंड करून बसल्या, आमचं माळवद नजरेसमोर राहील अशा. माळवद रिकामं होतं. शिडीही मी आडवी करून आले होते.

थोडा वेळ काही नाही. गावात कुत्रं भुंकत होतं. मग माझ्या मानेवर, जिथे अंबाडा संपतो तिथे, काहीतरी टेकल्यासारखं झालं. हात नाही, वारा नाही. गर्दीत मागून कुणी टक लावून बघत असलं की कळतं, तसं कळलं. मी पदर ओढून घेतला. बाजूच्या बाईनेही ओढून घेतला.

मी वळून बसले. आता माळवद पाठीशी होतं. तरीही मानेवरच.

अंधारातून मंजुळाबाईंचा आवाज आला. "सिस्टर, मास्तर हिंगोलीला हायेत न्हवं?"

"व्हय."

"आन् दुर्बीन?"

"पेटीत आहे. चावी माझ्याकडे."

बांगड्या वाजत होत्या. एकेक बाई बसल्या जागी वळून बघत होती. गावाकडे पाठ, डोंगराकडे पाठ, ओढ्याकडे पाठ. कुठूनही सुटका होईना. शेवटी मंजुळाबाई उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी पदर डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत ओढला.

"वरून हाय," त्या म्हणाल्या.

घरी येईपर्यंत आम्ही एकमेकींचे हात धरले होते. माझा हात मंजुळाबाईंनी धरला होता. आदल्या दिवसापर्यंत त्या मला टोपलीतली भाकरीसुद्धा वरून टाकायच्या.

दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर बायका छत्र्या घेऊन निघाल्या. आभाळ निरभ्र, पावसाळा संपून महिने झालेले. ज्यांच्याकडे छत्री नव्हती त्यांनी पोत्याची खोळ करून डोक्यावर घेतली होती. कुणी हसलं नाही. ओढ्याकाठी चिलीम ओढत बसलेली गडीमाणसंही उठून घरात गेली.

सोमवारी पारावर जास्त बोलणं झालंच नाही.

"मास्तर, बायका म्हणतेत, तुमी न्हवता," उकंडराव म्हणाले. "इषय संपला."

"मग कोण होतं?" ह्यांनी विचारलं. हे सरळ माणूस, वर्गात विचारावं तसं विचारलं.

उकंडराव आपल्या चपलांकडे बघत राहिले. पारावरचा प्रत्येक माणूस खालीच बघत होता.

परतताना ह्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. घरोघरच्या माळवदांना धूर जायला भोकं ठेवलेली असतात, ती पोती कोंबून बुजवली होती. स्वयंपाकाची वेळ होती आणि चुलींचा धूर दारांतून बाहेर येत होता.

"अडाणीपणा आहे सगळा," हे म्हणाले. घरात आल्यावर हात पुढे केला. "चावी दे."

मी कमरेची चावी काढून दिली. देताना ह्यांच्याकडे बघवलं नाही. गावाने ह्यांना सोडलं होतं, पण मी ठेवला नव्हता तो विश्वास आता कुठून आणणार होते मी? "माझं चुकलं," एवढंच म्हटलं. ह्यांनी शिडी उभी केली आणि मला हात देऊन वर घेतलं.

मृग ओढ्यावर चांगला वर आला होता. ह्यांनी गुडघ्यांवर कोपरं टेकवली आणि दुर्बीण लावली.

खूप वेळ बघत होते.

बघता बघता ह्यांचा डावा हात खाली आला आणि शर्टाची गळ्याजवळची गुंडी लावू लागला.

"तू बघ," हे म्हणाले.

कृत्तिका होत्या तिथेच होत्या. तिकांडं होतं. त्याला लागून लोंबणारी चांदण्यांची ओळ होती. ओळीच्या मधोमध डाग नव्हता. तिथे गोल, स्वच्छ काळं होतं, आजूबाजूच्या आभाळापेक्षा स्वच्छ.

मी दुर्बीण खाली केली.

"त्या दिवशी तू काच पुसली होतीस ना?" ह्यांनी हळू आवाजात विचारलं.

"मी आपल्या बाजूने पुसली होती."

खाली ओढ्यापलीकडे अंधारात छत्र्या उघडल्याचे आवाज येत होते. हे आधी शिडी उतरले. मी उतरू लागले तेव्हा हे वर न बघता, माझ्यासाठी छत्री उघडून उभे होते.