पाणी मिळेल का?

रजेवर गेलेल्या कुणाच्या तरी जागी ती त्या दिवशी फौजदाराच्या जीपमध्ये बसली, तीही नाक मुरडूनच. ती समुपदेशक. मन बिथरलेल्या माणसाच्या घरी पोलिसांबरोबर जायचं, हे तिचं नवं काम. खाकीशी मात्र तिचं जुनं वाकडं — आजारपणात तिच्या दादाला एकदा हात बांधून नेलं होतं.

"मॅडम, आत गेल्यावर मी काय करायचं?" फौजदाराने विचारलं.

"मी 'पाणी मिळेल का' म्हटलं, की मुकाट बाहेर जायचं. माणूस वर्दीला घाबरतोय असं समजायचं."

"आणि तुम्हाला खरंच तहान लागली तर?"

"तर मी तहानलेली राहीन."

तो हसला. त्याच्या गालाला खळी पडते, हे तिला उगाचच दिसलं... ती रजा लांबतच गेली; पुढे सहा महिने ते बरोबर फिरले आणि दर वेळी तो खरोखरच मुकाट बाहेर गेला.

मग एका दुपारी गाडीला मिळालेला पत्ता तिच्याच घराचा निघाला. दादाने औषधं सोडली होती. कोपऱ्यात अंग चोरून तो ओरडत होता, "बांधू नका!" आणि रोज दुसऱ्यांना धीर देणारी ती उंबऱ्यातच थिजली. फौजदाराने तिच्याकडे पाहिलं, मग दादाकडे.

"पाणी मिळेल का?" असं स्वतःच म्हणून तो बाहेर जिन्यात जाऊन बसला.

तिच्या जिवात जीव आला. ती दादाजवळ जमिनीवर बसली, हळूहळू बोलत राहिली. तासाभराने दादा उठला, स्वयंपाकघरात गेला आणि भरलेला पेला घेऊन जिन्यात आला.

"मघाशी मागितलं होतंत," तो म्हणाला. "जरा उशीर झाला."

फौजदार ते पाणी घटाघटा प्यायला. दादा दवाखान्यात गेला तो जीपच्या पुढच्या सीटवर बसून, मोकळ्या हातांनी.

दादाला घरी सोडलं त्या संध्याकाळी ती चौकीमागच्या बाकावर फौजदाराशेजारी बसली होती. मन अगदी भरून आलं होतं.

"साहेब, तुमचे उपकार..."

"उपकार कसले? दुसरं काही सांगायचं असेल तर बघा."

तो हसू दाबत होता, पण खळी दिसलीच. तिच्या घशाला कोरड पडली.

"पा... पाणी मिळेल का?"

तो सवयीने उठला आणि चालू लागला.

"अहो, कुठे निघालात? खरंच तहान लागलीय —" तिने त्याची बाही धरली. "आणि तुम्ही जाऊ नका. कधीच."

तो परत बसला. "बरं, नाही जात. पण मग पाणी?"

"दादा देईल," ती म्हणाली. "घरीच चला."