बेसमधली बाई

रत्नमाला जिना चढून वर आली, तेव्हा हरीओम निकिताला पटवून देत होता की बेस गिटार वाजवणाऱ्याला या जगात कोणी विचारत नाही. गाणाऱ्याचं नाव होतं, कीबोर्डवाल्याचे फोटो निघतात, अन् बेसवाला मागं मांडवाच्या खांबासारखा उभा. "वाजनं बंद झालं तरच लोकायले समजते, का काईतरी चालू होतं," तो म्हणाला, अन् तेवढ्यात ही बाई दारात.

निकिताचं ऑफिस म्हणजे वाशिमच्या बस स्टँडसमोर मोबाईलच्या दुकानावरची एक खोली. सोयरीक जमण्याआधी पोराची माहिती काढ, चोरीची गाडी शोध, अशी कामं. हरीओम तिचा मावसभाऊ. लगीनसराईत ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचा अन् बाकी दिवस तिला मोटरसायकलवर फिरवायचा.

बाईनं नाव सांगितलं, गाव किन्हीराजा सांगितलं, नवऱ्याचं नाव सांगितलं, तसा हरीओम खुर्चीतून उठलाच. उत्कर्ष! जऊळक्याच्या ऋषिकेशच्या ऑर्केस्ट्रातला उत्कर्ष. जिल्ह्यातल्या सगळ्या बेसवाल्यांना माहीत असलेला माणूस. स्वतःच्या मापाची बेस त्यानं मालेगावच्या सुताराकडून घडवून घेतली होती. गेल्या हिवाळ्यात धनजच्या कार्यक्रमात तिची सगळ्यात जाडी तार तुटली. नवी तार आणायला तो अकोल्याला निघाला अन् रस्त्यात ट्रकनं उडवला. जागीच गेला.

आता त्याच्या बंद खोलीतून दिवेलागणीला बेस वाजते, रत्नमालानं सांगितलं. ती अंगणवाडीत कामाला, घरी फक्त सासरे. पहिल्यांदा आवाज आला तेव्हा ती धावत गेली, कडी काढली. आत कोणी नाही. बेस आपली स्टँडवर उभी, आवाज मोठा करणाऱ्या अ‍ॅम्पचा लाल दिवा लागलेला, अन् वाजणं चालूच. तिनं भिंतीवरचं बटण बंद केलं, तेव्हा थांबलं. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा सुरू.

"वाजू द्या," ती खाली पाहत म्हणाली. "त्याचं भेव नाई मले. पन त्याच्या मागं एक बाई बोलते."

बारीक आवाज. विहिरीत कोणी बोलावं तसा. शब्द कळत नाहीत. शेजारपाजारच्यांनी ऐकलं अन् गावात कुजबुज सुरू झाली, की उत्कर्षचं बाहेर कुठंतरी होतं म्हणून.

"त्यायचे कपडे मी अजून पेटीत घडी घालून ठेवले. ते ठेवू का जाळून टाकू, एवढंच मले सांगा."

निकितानं तिचं बोलणं मोबाईलमध्ये घेतलं होतं. नीट आलं का ते तिनं लावून पाहिलं, तर रत्नमाला दचकून म्हणाली, "हे कोन बोलून राह्यली?" हरीओम हसला. माझाही आवाज रेकॉर्डमध्ये बोकडासारखा येतो, म्हणाला, अन् तिला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना दोघं किन्हीराजाला पोचले. ओट्यावर बाजेवर म्हातारे ग्यानबा बसलेले, उत्कर्षचे वडील. पाठ भिंतीला, डोळे मिटलेले, हातात काठी. निकितानं जयभीम केला. उत्तर नाही. तिनं विचारलं, तुम्हाला काय ऐकू येतं. म्हाताऱ्यानं डोळे उघडले, पण नुसता पाहत राहिला. मग हरीओमनं त्याच्या त्या ढोलासारख्या आवाजात तेच विचारलं, तसे ग्यानबा लगेच बोलले.

"धूं धूं वाजते. माह्या पोराचा हात हाय तो. दुसऱ्या कोनाचा तसा पडत नाई."

भीती नाही वाटत का, हरीओमनं विचारलं. पोराचं कायचं भेव, म्हातारा म्हणाला. आणखी काही ऐकू येतं का? नाही म्हणाले. पोरगा गेल्यापासून त्या खोलीत आपण पाय टाकला नाही, काळजाला सहन होत नाही, असंही म्हणाले अन् परत डोळे मिटले.

खोलीत शिरताना हरीओमनं आपले हात पाठीमागं बांधून घेतले. दुसऱ्याच्या वाद्याला विचारल्याशिवाय बोट लावायचं नाही, हा त्यांच्यातला नियम. अन् ज्याला विचारायचं तोच नाही, त्याच्या वाद्याला तर नाहीच. काय बेस होती ती! सागवानी अंग, हाताच्या घामानं काळपट झालेली मान. अन् जाड्या तारेची जागा रिकामी.

"तीन तारायवर सगळा कार्यक्रम काढला मानसानं," हरीओम हळूच म्हणाला.

मग त्याचं लक्ष अ‍ॅम्पकडं गेलं अन् त्याचं डोकंच फिरलं. चाकांचा तो छोटा अ‍ॅम्प भिंतीला तोंड चिकटवून ठेवलेला. कोणता शहाणा असा ठेवतो? बारीक आवाज सगळा भिंत खाऊन टाकते, नुसती घरघर उरते. निकितानं बेसपासून भोंग्याकडं जाणाऱ्या वायरीला मधेच जोडलेल्या, जमिनीवरच्या एका पत्र्याच्या डबीकडं बोट दाखवलं, तर त्यानं हात झटकला.

"ट्यूनर असंल, तारा सुरात लावाचा. खरा बेसवाला वायर सरळ अ‍ॅम्पात घालते, ताई. डब्या-बिब्या हे गिटारवाल्यायचे चोचले. उत्कर्षभाऊ तर स्टेजवर उघड हसत अशा लोकायले."

ती बरं म्हणाली. दोघं स्वयंपाकघरात रत्नमालाजवळ चहा घेत बसले. बाहेर दिवे लागले, अन् ते सुरू झालं.

आधी पायाखालच्या फरशीत आलं, मग कानात. संथ चाल, एकेक पायरी खाली उतरत जाणारी, जसं कोणी अंधारात भिंतीला हात लावत तळघरात उतरावं. शेवटी एक इतका खोल सूर, की कपातला चहा थरथरला. हरीओमनं कप खाली ठेवला. तो सूर त्याला ओळखू आला होता. मोकळी, बोट न दाबता वाजवलेली जाडी तार! अन् ती तर बेसवर नव्हतीच.

त्याच्या मागोमाग ती बाई. दबलेली, लांबून. शेवटी आवाज वर उचललेला, कोणाला बोलवावं तसा.

ते खोलीकडं धावले. आत कोणी नाही. बेसच्या तारा जागच्या जागी, हलतसुद्धा नाहीत. चाल संपली अन् पहिल्यापासून पुन्हा सुरू झाली. तोच उतार, तोच खोल सूर, तीच बाई. रत्नमालानं दाराच्या चौकटीला घट्ट धरलं होतं. ओट्यावर म्हातारा तसाच डोळे मिटून. निकितानं बटण बंद केलं नाही. तिनं दोनदा, तीनदा ऐकलं, अन् हरीओम एकेक पाऊल दाराकडं सरकला.

त्याचा संशय सरळ ऋषिकेशवर. उत्कर्षची बेस ऑर्केस्ट्राला द्या म्हणून तोच घरी चकरा मारायचा. बाईला घाबरवलं की बेस आपोआप हाती येते, हे हरीओमचं गणित. म्हणून सकाळी ते जऊळक्याला गेले. ऋषिकेश स्टेशनजवळ त्याच्या दुकानात माईकच्या वायरी गुंडाळत होता.

उत्कर्षच्या जागी आता मीच बेस वाजवतो, अन् बदलीवर आलेल्यानं मूळ वाजवणाऱ्याची जागा परत करायची असते, त्यानं सांगितलं, पण आता कोणाला करू? निदान त्याची बेस तरी स्टेजवर असावी, एवढंच मनात होतं. शेवटच्या वेळी त्याच्या घराच्या फाटकापाशी उभा होतो, तर आतून वाजलं. त्यानं वायर खाली ठेवली.

"मंग ते बाई बोलली. मी गाडी तशीच ढकलत रोडापर्यंत नेली. बेस नको मले, बाई नको, काईच नको."

मालेगावात भाऊसिंग सुतार रंधा मारत होता. उत्कर्ष म्हणजे डोक्याला ताप, तो म्हणाला, पण डोळे भरून आले होते. तारांखालचं पिकअप, म्हणजे लोहचुंबकावर वायर गुंडाळून केलेला बेसचा कान, तो भाऊसिंगनं मोटार वायंडिंगवाल्याकडून करून घेतला होता. मोटारीची वायंडिंग वार्निशमध्ये बुडवतात, म्हणजे वायर घट्ट बसते. उत्कर्षनं बुडवू दिली नाही.

"वार्निशनं आवाज मरते म्हने. मंग झालं काय, जवळ कोनी खाकरलं तरी भोंग्यातून ऐकू येते. मी म्हनलं, हे बेस हाय का चुगलखोर शेजारीन?"

निकिता पहिल्यांदाच हसली. गाडी किन्हीराजाकडं घे, म्हणाली.

ग्यानबांना हाताला धरून खोलीत आणलं. रत्नमाला पेटीला टेकून उभी. निकिता मधोमध बसली अन् सगळं हरीओमकडं पाहूनच बोलली, कारण तिचं बोलणं म्हाताऱ्याला जाड्या आवाजात सांगायचं काम त्याचं होतं.

"जाडी तार नाई अन् जाड्या तारेचा सूर येते. म्हंजे ही बेस आता वाजत नाई. तार तुटायच्या आधी वाजलेलं आपन ऐकून राह्यलो. वाजवनारा उत्कर्षच. फक्त तेव्हाचा."

मग तिनं पत्र्याची डबी उचलली. हा ट्यूनर नाही. जे वाजवलं ते ही गिळून ठेवते, बटण दाबलं की परत परत ओकते. स्टेजवर डब्यांना हसणारा उत्कर्ष घरी एकटा हिच्यासोबत सराव करायचा. चारचौघांत कसं सांगणार? अन् हरीओमला डबी दिसूनही दिसली नाही, कारण खऱ्या बेसवाल्याकडं ती असूच शकत नाही. हरीओमचे कान लाल झाले.

"दाबते कोन?" रत्नमालानं विचारलं.

ऋषिकेश नाही, तो बाईचा आवाज ऐकून पळाला. ज्यानं ज्यानं ऐकलं त्याला ती बाई ऐकू आली. फक्त एका माणसाला नाही. निकिताचा बारीक आवाज ज्याला ऐकू येत नाही अन् हरीओमचा ढोल ऐकू येतो. म्हातारपणी कानातून बारीक आधी जातं, जाडं शेवटपर्यंत राहतं. अन् अ‍ॅम्पचं तोंड ज्या भिंतीला लावलं, तिच्या पलीकडं ओट्यावर कोणाची बाज आहे?

ग्यानबांनी काठी फरशीवर टेकवली.

"एक दिवस रडाले आलो होतो इथं," ते म्हणाले. "अ‍ॅम्पाचं बटन दाबून पाह्यलं, काठी डबीवर पडली. अन् पोरगा वाजवाले लागला. सूनबाईले सांगतलं असतं तर थे डबी फेकून देल्ली असती. म्हनून भोंग्याचं तोंड भिंतीकडे केलं. रोज सूनबाई चुलीपाशी असली का आत येतो, डबी दाबतो, कडी लावतो अन् बाजेवर जाऊन बसतो. थो पाठीत येते माह्या. लहान होता तवा पाठीवर बसे, तसा."

रत्नमाला हललीसुद्धा नाही. "अन् थे बाई?"

निकितानं डबीला इअरफोन जोडला. मध्ये आता भिंत नव्हती, अ‍ॅम्प नव्हता. रत्नमालानं ऐकलं, ओठ घट्ट मिटले, अन् मान हलवली. ओळखत नाही. मग निकितानं मोबाईल काढला, तिचंच वाशिमचं बोलणं लावलं, अन् परत डबी. आपला आवाज आपल्याला परका लागतो, अन् वार्निश न लावलेल्या त्या पिकअपनं तारांसोबत दारातून दिलेली हाकसुद्धा धरून ठेवली होती.

रत्नमाला खाली बसली. इअरफोन तिनं दोन्ही हातांनी कानावर दाबून धरला.

"मी हाय," ती म्हणाली. "मीच हाय थे."

ग्यानबा एकाकडून दुसऱ्याकडं पाहत होते. त्यांना कळलंच नव्हतं. कोणती बाई, काय बाई, ते विचारत राहिले. आपण रोज जे लावत होतो त्यात कोणी बोलतं अन् त्यानं सून आतल्या आत जळत होती, हे हरीओमनं समजावलं, तेव्हा म्हाताऱ्यानं तोंडावर हात घेतला. मग हळूच म्हणाले, "काय म्हनते थे? मले सांग ना, सूनबाई."

रत्नमाला उठून त्यांच्या कानाशी गेली. आवाज जितका जाड करता येईल तितका करून बोलली.

"अवो, या ना जेवाले. भाजी थंडी होऊन राह्यली."

म्हाताऱ्यानं काठी बाजूला ठेवली.

"मंग?" त्यांनी विचारलं. "आला का थो जेवाले?"

हरीओमला माहीत होतं, डबीत पुढं काही नव्हतं. ती हाक मारते, तो वाजवत राहतो, अन् चाल पहिल्यापासून सुरू होते. रत्नमालानं सासऱ्यांचा हात आपल्या हातात घेतला.

"आले ना, मामाजी," ती म्हणाली. "पोटभर जेवले."