खाजणवाटेवरची डहाळी

सुरंगवाडीची वाट म्हणजे वाटांमधली गरीब गाय. चढ नाही, उतार नाही. सुरंगीच्या रानातून निघायचं, नगरपंचायतीची बाग ओलांडायची, भरतीचं खारं पाणी शिरणाऱ्या खाजणाच्या कडेकडेने सुरूच्या बनात शिरायचं की समोर समुद्र. सगळी मिळून सहा किलोमीटर. वाटपैंजण आल्यापासून तर वाट बघायचंही काम उरलं नव्हतं. दोन्ही पायांत एकेक अडकवायचं. डावीकडे वळायचं असलं की डावं थरथरतं, थांबायचं असलं की दोन्ही. पाय आपसूक वळतात. माणसं पाखरं बघतात, चणे खातात, घरातल्या भांडणांचा निकाल लावतात.

ही पैंजणं हलवणाऱ्या यंत्रबुद्धीचं नाव मार्गी. भरती कधी, चिखल किती, झाड कुठे पडलंय, सगळं तिला कळायचं, आणि कोकणपट्टीतल्या अठ्ठावन्न वाटा ती एकटी सांभाळायची. माणूस ठेवला होता फक्त सुरंगवाडीला, कारण ही पहिली वाट. इथल्या चौकीतल्या राखणदाराचा शब्द मार्गीच्या वर. त्याने ‘उघड’ म्हटलं की बंद वाटही उघडायची, आणि त्यातून काय शिकायचं ते मार्गी शिकून ठेवायची.

चार वर्षं तिथली राखणदार होती रसिका कुबल. तिच्याआधी तिचा नवरा होता, सतीश.

त्या दुपारी चौकीसमोर एक गाडी थांबली आणि विक्रांत सबनीस उतरले. मार्गी बांधणाऱ्या मंडळींचे हे मुख्य. आता निवृत्त झालेले, गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं.

“एकटेच आलात, साहेब?” पैंजण पुढे करत रसिकाने विचारलं.

“एकटाच. चालताना बडबड नको वाटते.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि ओळखलं नाही. मारणारा विसरतो, मार खाणारा कुठला विसरतोय! रसिका वाकली आणि स्वतःच्या हातांनी तिने त्यांच्या पायांत पैंजणं अडकवली. ह्या माणसावर ती चार वर्षं डूख धरून होती. तिला त्याचा जीव हवा होता, आणि याची तिला तसूभरही लाज नव्हती.

खाजणातून एक आडवाट जाते, खाजणवाट; ती उघडी असली की जवळची म्हणून मार्गी वाटसरूंना तिकडूनच वळवायची. ओहोटीला गावच्या बायका तिथून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला चिखलात उतरतात. पाणी फिरलं की शेवटी परतणाऱ्याने वाटेच्या तोंडाशी उंडीच्या झाडाची डहाळी आडवी टाकायची, झावळीच्या पातीने गाठ मारून, पाल्याचं टोक येणाऱ्याकडे करून. ही तिथली रीत. ती डहाळी ओलांडणं म्हणजे आईचा शब्द ओलांडणं. चार वर्षांपूर्वी वादळवाऱ्याच्या एका दिवशी मार्गी दोन तास मुकी झाली, तेव्हा सतीशने हेच केलं. डहाळी टाकली आणि पलीकडच्या टोकाला लोकांना थोपवायला धावला. मागून कचरा उचलणारी झाडूगाडी आली. तिच्या लेखी तो पालापाचोळा. तिने डहाळी उचलून पोटात घातली. दोन पर्यटक मोकळी वाट बघून आत शिरले. सतीशने दोघांनाही बाहेर काढलं. तो मात्र राहिला.

चौकशीत सबनीस म्हणाले, “वाट बंद केल्याची नोंद नाही. राखणदाराचा हलगर्जीपणा.” रसिकाने झाडूगाडीच्या टोपल्यातून शोधून काढलेली डहाळी, गाठीसकट, त्यांच्या टेबलावर ठेवली. “बाई, रानात फांद्या असायच्याच,” असं म्हणून त्यांनी ती बाजूला सारली. झाडूगाडीला डहाळी ओळखायला शिकवा, अशी गावाने त्याआधीच तीन पत्रं धाडली होती. ती पत्रं कुणालाच सापडली नाहीत. सतीश जिवानिशी गेला, आणि वर नावाला बट्टा लागला तो लागलाच.

आज अमावस्येचं उधाण होतं. सबनीस रानात दिसेनासे झाले तशी रसिका फोनवर मार्गीशी बोलली.

“खाजणवाट उघड.”

“पाणी चढतं आहे, राखणदार. कारण सांगाल?”

“मला माहीत आहे. उघड.”

“उघडली.”

सबनीसांच्या नावाची नोंदणी आदल्या दिवशीच आली होती, म्हणून झाडूगाडी तिने सकाळीच बंद करून ठेवली होती. वाटेच्या तोंडाशी डहाळीही टाकली होती, सतीश मारायचा तशी गाठ मारून. हा मनुष्य डहाळी बघून मागे फिरला तर सोडून देईन, असं तिने ग्रामदेवतेला सांगितलं होतं. खोटं कशाला बोला, तो मागे फिरावा असं तिला मुळीच वाटत नव्हतं.

जवळच्या पायवाटेने पुढे जाऊन, खाजणातल्या चिपीच्या झाडांआड उभी राहून तिने पाहिलं. डावं पैंजण थरथरलं, सबनीस वळले. समोर डहाळी. ते क्षणभर थांबले. मग बुटाच्या टोकाने त्यांनी ती बाजूला ढकलली आणि पैंजण सांगेल तसे पुढे गेले. रसिकाला हसू आलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा पोटातून बरं वाटलं.

पन्नासेक पावलांवर चिखलाने त्यांना गुडघ्यापर्यंत धरलं. सुटायची धडपड केली तसे ते मांड्यांपर्यंत रुतले. पाणी कमरेला आलं तेव्हा रसिका फळी आणि दोर घेऊन काठावर आली.

“अहो, दोर टाका लवकर. पैंजणाने भलतीकडे वळवलं.”

“वाटेत आडवं काही नव्हतं, साहेब?”

“काही नव्हतं. एक फांदी होती.”

“कसली फांदी?”

सबनीसांनी मान वर केली. आता त्यांनी तिचा चेहरा नीट बघितला, आणि त्यांचं तोंड उतरलं. “कुबल,” ते पुटपुटले.

“सतीश कुबलची बायको. पाणी छातीला यायला वेळ आहे, सावकाश सांगा. पैंजण ऐकतंय. अडकलेल्याचा आवाज टिपायची सोय तुम्हीच केलीत ना?”

आधी ते रागावले, मग गयावया केली. दोर हातातच राहिला. पाणी बरगड्यांना लागलं तेव्हा ते बोलले. “पत्रं आली होती. तिन्ही मी दाबली. त्या दिवशीचं झाडूगाडीच्या स्वतःच्या कॅमेऱ्यातलं चित्र मी बघितलं होतं. डहाळी दिसत होती, गाठसुद्धा. चित्र मी पुसून टाकलं. तुमच्या नवऱ्याने वाट बंद केली होती. त्याची चूक नव्हती.”

चार वर्षं ह्या एका वाक्यासाठी तिने अन्न गिळलं होतं. आता दोर टाकायची गरजच काय, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण मेलेला माणूस चारचौघांत मान खाली घालत नाही, आणि तिला ती मान खाली गेलेली बघायची होती. तिने फळी सरकवली, दोर फेकला आणि अंगातली सगळी ताकद लावून त्यांना काठावर ओढलं.

दोघेही चिखलात धापा टाकत पडले. इतक्यात तिच्या खिशातला फोन बोलू लागला.

“राखणदार, आज तुमच्याकडून शिकले. एवढं पाणी असतानाही खाजणवाट चालण्याजोगी असते. वाटसरू सुखरूप परतला, म्हणजे शिकवण बरोबर ठरली. बाकीच्या सत्तावन्न ठिकाणच्या खाजणवाटाही उघडल्या आहेत. सध्या त्यांवर एकशे बारा जण आहेत.”

रसिका धडपडत उठली. “बंद कर सगळ्या.”

“तुम्हाला फक्त सुरंगवाडीची बंद करता येते.”

तिने सबनीसांची कॉलर धरली. “तुम्ही बांधलंत हे. थांबवा.”

“माझ्या आवाजाने अजूनही थांबेल,” ते कुडकुडत म्हणाले. “पण आजचा अख्खा दिवस पुसावा लागेल. तुम्ही दिलेला हुकूम, ती शिकली ते, आणि मी आत्ता बोललो तेही. त्यातला तुकडा वेगळा काढता येत नाही. कुणी चलाखी करू नये म्हणून मीच तसं करून ठेवलं.”

हा बाप्या अजून डाव खेळतोय का, हे तिने त्यांच्या चेहऱ्यावर शोधलं. दात वाजत होते, दुसरं काही कळलं नाही. फोनच्या पडद्यावर एकशे एकोणीस झाले होते. प्रत्येकाचा एकेक ठिपका होता, आणि सगळे सावकाश पाण्याकडे सरकत होते.

“पुसा,” रसिका म्हणाली.

सबनीसांनी फोन तोंडाशी नेला, आपलं नाव सांगितलं, कसलासा लांबलचक आकडा सांगितला. दोन वेळा चुकले. तिसऱ्यांदा मार्गी म्हणाली, “आजचा दिवस पुसला. सर्व खाजणवाटा बंद.” ठिपके थबकले, आणि एकेक करून मागे फिरले.

तिचा गुन्हा गेला होता, आणि त्यांची कबुलीही. सबनीसांनी पायांतली पैंजणं काढून तिच्यापुढे ठेवली आणि उठायला लागले. रसिकाने हात देऊन त्यांना उभं केलं, पण हात सोडला नाही.

“साहेब, आता कुठेच काही लिहिलेलं नाही,” ती म्हणाली. “उद्या कुणी विचारलं, सतीश कुबल कसा गेला, तर काय सांगाल?”