फटीतून येणारा आवाज

तो जिना चढून वर आला तेव्हा माझ्या कानात एक खून चालू होता.

माझी आत्या दातांची डॉक्टर. तिचा दवाखाना खाली आणि माझी लॅब वरच्या मजल्यावर. ती दात काढते, मी दात बनवते. म्हटलं तर हा आमचा घरचा धंदाच. कुणाचा पुढचा दात करायचा असला की ती पेशंटला रंग जुळवायला वर पाठवते. तेवढ्यानिमित्ताने तरी पोरगी माणसांशी बोलते, असं तिचं म्हणणं.

माझं काम सगळं हातांचं, कान दिवसभर रिकामे. म्हणून ऑडिओबुकं. धातू घासायचा असेल तेव्हा रहस्यकथा आणि पोर्सिलेनचे थर चढवायचे असतील तेव्हा हलक्याफुलक्या प्रेमाच्या कादंबऱ्या. उलट केलं की पंचाईत होते. एकदा पोर्सिलेनच्या वेळी रहस्यकथा लावली, ऐन मोक्याला कपाटातून प्रेत पडलं आणि एका गृहस्थांच्या दाढेला सुळ्यासारखं टोक आलं. ती दाढ पुन्हा करावी लागली.

इतकं ऐकल्यावर मतं होतातच. ॲपवर मी 'तिखटकान' या नावाने ती लिहीत असते. खुनाच्या आधी वाजणारं संगीत मला अजिबात चालत नाही; खुनी काय वाजतगाजत येतो? पुरुष वाचक बायकांचे संवाद नाकातून म्हणतात, जणू जगातल्या यच्चयावत नायिकांना बारमाही सर्दी. प्रेमकथा वाचणाऱ्या बायका स्वल्पविराम दिसला की उसासा टाकतात. आणि कुणी दीडपट वेगाने पुस्तक ऐकतं असं कळलं की तो माणूस माझ्या मनातून उतरतो. एकाच आवाजाबद्दल लिहिताना मी जरा नरम पडायचे. चौकसबाई नावाची एक निवृत्त शिक्षिका शेजारपाजारचे खून उलगडते, त्या मालिकेची सगळी पुस्तकं एकच जण वाचायचा. तो आवाज.

"डॉक्टरांनी वर पाठवलंय…" दारातला माणूस तोंडावर हात धरून म्हणाला.

मी कानातलं बटण काढलं. तरी आवाज तोच. वर्षानुवर्षं कानाच्या आत राहिलेला माणूस आता दारात उभा होता, आणि पायपुसण्यावर बूट पुसत होता. मी शक्य तेवढ्या कोऱ्या चेहऱ्याने खुर्ची दाखवली.

"बसा. हात काढा."

"कुठला?"

"तोंडावरचा. मला हाताचा रंग जुळवायचा नाहीये."

तो हसला आणि हसताना हात पुन्हा वर गेला. मग त्याने नाइलाजाने तो खाली घेतला. वरचा पुढचा दात अर्धा तुटला होता. शेजारच्या दाताच्या आणि त्याच्या मध्ये एक जुनी फट होती, जन्मापासूनची असावी.

"कशावर आपटलात?"

"माइकवर. पाठलाग चालू होता… वाचता वाचता मान पुढे गेली." प्रत्येक 'स' आला की त्याच्या तोंडून बारीक शिट्टी वाजत होती, म्हणून तो 'स' चुकवत बोलत होता. ते फारच कष्टाचं काम दिसत होतं.

"म्हणजे चौकसबाई शेवटी पळाल्या," मी रंगाची पट्टी त्याच्या दाताजवळ धरत म्हणाले. "आतापर्यंत त्यांनी कधी पाय उचलला नव्हता."

तो पट्टीपासून मागे सरकला. "तुम्ही ऐकता?"

"घासकाम करताना."

"आणि… कशी वाटतात?"

"बरी असतात. फक्त खुनी लगेच कळतो."

"कशावरून?"

"तुम्हीच सांगता की. बाकीच्या पात्रांवर तुम्ही थोडे वैतागलेले असता. खुनी बोलायला लागला की मात्र एकदम मायेने बोलता. बिचारा शेवटी पकडला जाणार, हे तुम्हाला माहीत असतं ना."

त्याच्या भुवया वर गेल्या. "तिखटकान! ॲपवर अगदी हेच लिहून मागच्या पुस्तकाला दोनच तारे दिलेत तुम्ही!"

"तीन देणार होते. पण ते संगीत…"

"संगीत माझं नसतं हो!"

"मान हलवू नका. रंग चुकेल."

रंग चुकला नाही. पण मी तो गरजेपेक्षा जास्त वेळ जुळवला, हे आता कबूल करायला हरकत नाही.

जाताना त्याने खरी अडचण सांगितली. चौकसबाईंचं शेवटचं पुस्तक अर्धं वाचून झालं होतं. महिनाअखेरपर्यंत तो शिट्टीशिवाय बोलायला लागला नाही, तर स्टुडिओ ते दुसऱ्याकडून वाचून घेणार होता.

"दुसरा कोण?"

त्याने नाव सांगितलं. ज्याच्या नायिकांना सर्दी असते, तोच.

"छे," मी म्हणाले. "बाईंना या वयात सर्दी नको."

दारापाशी तो थांबला. "अजून एक विचारू? नव्या दातात… ही फट बुजवता येईल? शाळेत सगळे मला 'खिडकी' म्हणायचे. सगळ्या फोटोंत माझं तोंड मिटलेलं असतं. मी या कामात का आलो, माहितीये? इथं तोंड कुणी बघत नाही." हे सगळं तो शिट्ट्या मारत बोलला, आणि तरीही मला हसू आलं नाही.

"येईल," मी म्हणाले. "दात थोडा रुंद केला की झालं."

कायमची कॅप पोर्सिलेनची, तिला वेळ लागतो. तोवर मी त्याला तात्पुरता दात करून दिला, रुंद, फट बुजवणारा. आत्याने तो बसवला आणि मला खाली बोलावलं. त्याच्या हातात आरसा होता. त्याने आधी ओठ मिटून पाहिलं, मग जरासे उघडून… आणि मग तो हसला, कानापासून कानापर्यंत. मी आजवर ढीगभर दात पाहिलेत, पण हसू नेहमी खाली आत्याच्या वाट्याला येतं. हे मी पाहिलं आणि मला फार आवडलं. वर जाऊन मी पोर्सिलेनच्या वेळी चुकून घासकामाचं पुस्तक लावलं.

त्यानंतर तो दात हलतोय म्हणून येऊ लागला. दात हलत नव्हता. आत्या ते एका बोटात सांगू शकली असती, पण ती म्हणायची, "वर जा, तीच बघेल."

तो आला की टेबलाच्या पलीकडे बसायचा आणि पुढच्या कादंबरीतली पानं वाचून दाखवायचा. मी काम करता करता मतं द्यायची.

"या नायिकेला कसं बोलायला लावू?"

"माणसासारखं. नाक वापरू नका."

"बरं. ऐका. 'तुझ्याशिवाय माझं जगणं व्यर्थ आहे…'"

"थांबा. असं कोण बोलतं?"

"लेखिकेने लिहिलंय."

"लिहू दे. तुम्ही बोलाल का असं कुणाला?"

तो विचारात पडला. माझ्या हातातला ब्रशही तसाच राहिला.

"मी… मी विचारेन, जेवलीस का?"

"हे बरं आहे," मी खाली बघून म्हणाले. "याला तीन तारे."

"जेवलीस का?"

"कळलं. एकदा म्हटलंत ना."

"नाही… खरंच विचारतोय. दोन वाजलेत."

मी जेवले नव्हते. त्या दिवसापासून आम्ही लॅबमध्येच, साच्यांच्या रांगेतून जागा करून, एकत्र डबे खायला लागलो. 'तुम्ही' कधी गळून पडलं, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. आत्या मात्र पेशंटना सांगायची, "वर जाऊ नका, तिथं फार नाजूक काम चाललंय."

मग एका सकाळी तो फोन नाचवतच आला. तात्पुरत्या दाताने त्याने स्टुडिओत एक प्रकरण नमुना म्हणून वाचलं होतं. तिथले लोक जाम खूश. इतका स्वच्छ आवाज पूर्वी नव्हता म्हणाले. आधीचा अर्धा भागही पुन्हा वाचून घेऊ म्हणाले.

"ऐक," तो म्हणाला. "आणि खरं मत सांग."

मी कानात बटणं घातली. आवाज स्वच्छ होता. प्रत्येक 'स' धुऊन, इस्त्री करून ठेवलेला. चौकसबाई बोलल्या, हवालदार बोलला, खुनीही मऊ मऊ बोलला… आणि त्यात तो कुठेच नव्हता. त्याच्या जुन्या 'स'ला किंचित श्वास असायचा. कुणीतरी जरा पुढे झुकून आपल्यापुरतंच काही सांगतंय, असं वाटायचं. तो श्वास त्या फटीतून येत होता. ती मीच बुजवली होती.

"उद्या सांगते," मी म्हणाले.

खाली आत्याला सांगितलं, तर ती हातमोजे काढत म्हणाली, "लोकांना पुस्तक ऐकायचंय, फट नाही. हे तुझ्याशिवाय कुणाला कळणारही नाही. पोरगा जन्मात पहिल्यांदा मोकळा हसतोय. गप्प बस."

आत्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, हीच तर अडचण होती. कायमची कॅप भट्टीत जायची होती. एकदा ती बसली की त्याचं हसू पक्कं, आणि तो आवाज संपला. गप्प राहावं तर मी त्याला फसवणार. बोलावं तर त्याचा आरसा हिसकावून घेणार. मी आयुष्यात इतकी मतं दिली, पण एकाही मताची मला भीती वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं. जमेल तेवढं सौम्यपणे सांगितलं, पण सौम्यपणा माझ्या हातात आहे, तोंडात नाही.

त्याने समोरचा डबा बाजूला सरकवला. "म्हणजे जिची मला आयुष्यभर लाज वाटली… नेमकी तीच तुला आवडली."

"मी असं म्हटलं नाही."

"तू अजून मला ऐकतेच आहेस. कधी बघितलंस का माझ्याकडे?"

तो डबा न उघडता उठला आणि जिना उतरून गेला. दारातून वळून त्याने "येतो" म्हटलं नाही.

त्या दिवशी मी कानात काहीच घातलं नाही. ना खून, ना लग्न. लॅबमध्ये इतकी शांतता असते, हे मला ठाऊकच नव्हतं. समोरची खुर्ची रिकामी होती आणि मला ती सारखी दिसत होती. आवाज तर माझ्याकडे होता की. त्याची सगळी पुस्तकं फोनमध्ये होती, बोट लावलं की बोलला असता. पण मला तो आवाज नको होता. मला खुर्चीत बसलेला तो हवा होता, डब्यातली भाजी माझ्याकडे सरकवणारा. मी त्याच्या प्रेमात पडले होते, आणि हे मला समोर कुणी नसताना कळलं.

मी एकाऐवजी दोन कॅप केल्या. एक रुंद, फट बुजवणारी. दुसरी त्याच्या मूळ दाताच्या मापाची, शेजारी तेवढीच जागा सोडणारी. दोन्हींना सारखेच थर दिले, सारखीच झळाळी. एकीतही हात आखडता घेतला नाही.

कॅप बसवायच्या दिवशी तो आला, पण वर आला नाही. आत्याने तात्पुरता दात काढला आणि मला हाक मारली. मी ट्रे घेऊन खाली गेले. तो खुर्चीत मागे रेलला होता, तोंडावर हात धरून.

"डावीकडची फटीची," मी म्हणाले, "उजवीकडची बिनफटीची. तुला हवी ती घे."

"तुझं मत?" त्याने छताकडे बघत विचारलं.

"ऐकणारीला विचारशील, तर डावी."

"ते माहितीये मला."

"पुरतं ऐकून घे… पुस्तकं ऐकणारी एक आहे. पण दुपारी समोर बसून तुला हसताना बघू पाहणारी दुसरी आहे. ती म्हणते उजवी. आवाज गेला तर गेला, ती तुला पाहील. आणि सध्या माझ्या घरात तिचंच चालतं."

आत्याच्या हातातला चिमटा खणकन खाली पडला. तो उठून बसला. माझ्याकडे पाहिलं… आणि हसला. अर्ध्या तुटक्या दातासकट, फटीसकट, तोंडभर. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर होते. आपण कसे दिसतोय याचं त्याला काडीचंही भान नव्हतं, आणि दिसत होता मात्र फारच छान.

"मग डावी बसवा," तो आत्याला म्हणाला. शिट्टी चांगलीच मोठी वाजली.

"अरे, पण हसायचं काय?" मी विचारलं.

"ते काय आत्ता दाताने केलं का मी?"

आत्याने नवे हातमोजे चढवले, डावी कॅप उचलली, हलकेच जागेवर दाबली आणि मला जवळ उभं केलं. "पक्की चिकटवायच्या आधी आवाज तपासून घे गं. आणि तू, काहीतरी बोल. 'स' येईल असं."

त्याने जिभेने दात चाचपला. मग माझ्याकडे बघत, अगदी हळू, जरासं पुढे झुकून म्हणाला, "सकाळ-संध्याकाळ… सगळ्या दिवसांत… सोबत असशील?"

आत्याने आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

"काय गं? आला का नीट?"

पहिल्याच शब्दाला मला कळलं होतं. श्वास होता, जिथे हवा तिथे, हवा तेवढाच. उत्तरही केव्हाचं ओठांवर आलं होतं.

"नीट ऐकू आलं नाही," मी म्हणाले. "पुन्हा म्हण."