होळीनंतरचा मंगळवार

विसरवाडीच्या फाट्यावर एसटी बंद पडली आणि रूपल शहाच्या नशिबी मिरचीची पिकअप आली.

कंडक्टरने हात दाखवून थांबवलेल्या त्या गाडीत पुढे एकच जागा रिकामी होती. मागे वाळल्या मिरचीची पोती. गाडी सुटली आणि रूपलची शिंकही सुटली. मग दुसरी, तिसरी... सातव्या शिंकेला गाडी चालवणाऱ्या तरुणाने काच खाली केली आणि पाण्याची बाटली पुढे सरकवली. डिसेंबरचा गार वारा आत आला. तिने डोळे पुसत बाजूला पाहिलं. बरा होता दिसायला... जरा जास्तच बरा. ती घाईने समोरच्या रस्त्याकडे बघू लागली.

“नंदुरबारला नोकरी का?” त्याने विचारलं.

“नोकरी लावून द्यायची नोकरी,” रूपल म्हणाली. ती एका कौशल्य केंद्रात होती. पोरींना काम शिकवायचं आणि मग कारखानदारांची दारं ठोठावत त्यांच्यासाठी जागा मागायच्या, हा तिचा उद्योग. “पोरी चटकन शिकतात हो. कारखानदार महाकठीण! तो एक पुनीत लुणावत आहे, मसालेवाला. तीनदा गेले, तीनदा ‘साहेब बाहेर गेलेत’. मला तर वाटतं, आतच लपून बसतो.”

“बसत असेल,” तरुण गंभीरपणे म्हणाला. “दिसतो कसा?”

“तसल्या माणसाला कसलं आलंय दिसणं!”

नंदुरबार येईपर्यंत तो गालातल्या गालात हसत होता. स्टँडवर ती उतरली, तेव्हा त्याने खिडकीतून मान बाहेर काढली.

“उद्या अकराला या, मॅडम. लपणार नाही.”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं रूपलला झालं. पण धरणीला दुसरी कामं असतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशी अकराला ती पुनीतसमोर हजर होती.

त्याची तक्रार साधी होती. चार वर्षांपूर्वी एक संस्था आली, हार झाले, फोटो झाले, वीस प्रमाणपत्रवाले कामाला लागले आणि महिन्याभरात तीनच उरले. “मशीन कसं पुसायचं तेही कोणी शिकवलं नव्हतं त्यांना. तेव्हापासून संस्था म्हटलं की मी... बाहेर गेलेला असतो.”

“तुम्हाला नेमकं काय आलेलं माणूस हवं?” रूपलने वही उघडली.

पुनीतने हातातलं पेन खाली ठेवलं. मग हळूच म्हणाला, “हे आजवर कोणी विचारलंच नाही.”

त्यावर तिने त्याहून नवल केलं. वही मिटली आणि दिवसभर बायकांच्या रांगेत बसून मिरचीची डेखं, म्हणजे देठं, खुडली. काय काम आहे ते हाताला कळल्याशिवाय शिकवायचं काय, असं तिचं म्हणणं. हाताला कळलं, चांगलंच कळलं. संध्याकाळी बोटांची आग आग होत होती. पुनीत तुपाची वाटी घेऊन आला.

“आईने पाठवलंय. चोळा.”

“तुमच्या आईंना कसं कळलं?”

“मी... सांगितलं.” आणि त्याचे कान मिरचीच्या रंगाचे झाले.

त्यानंतर काम सरळ लागलं. सातपुड्यातल्या धडगावकडच्या बारा पोरी पुनीतच्याच कारखान्यात, त्याच्याच मशीनवर महिनाभर शिकल्या. पुनीतने स्वतः वजनकाटा शिकवला. रूपल रोज ‘जरा बघून जाते’ म्हणून यायची आणि ते जरा दोन-दोन तास चालायचं. कारखान्याचे मालक पुनीतचे वडील, इंदरचंदजी. फेब्रुवारीत करारावर पुनीतची आणि त्यांची सही झाली. आपण या माणसाच्या प्रेमात पडलोय, हे रूपलला तोवर स्वच्छ कळून चुकलं होतं. बोलायची मात्र पंचाईत. कामाच्या जागी अशी गोष्ट काढायची कशी?

मग होळी आली.

“भाऊ, बाराच्या बारा पोरी गयात!” मुकादम भिला पुनीतला धावत सांगत आला. “होळी शे म्हने!”

डोंगरात होळी एका दिवसात उरकत नाही. आज या गावची, उद्या त्या गावची. नवस असतात, उपास असतात, ढोल असतात. पोरी आठ दिवसांसाठी भिलाला रीतसर सांगून गेल्या होत्या. पण करारात अट होती : सलग चार दिवस गैरहजर, तर नाव कमी. इंदरचंदजींनी त्या ओळीवर बोट ठेवलं. सीझन ऐन भरात, ऑर्डरी तोंडावर. वीसमधले सतरा गेले होते, तसेच या बारा गेल्या, असं त्यांचं मत पक्कं झालं.

रूपल धापा टाकत पोचली. तिच्या घरी गुजराती, पुनीतच्या घरी मारवाडी, कामाची भाषा मराठी. पण भांडायला दोघांनाही अहिराणीच बरी पडायची. आणि अहिराणीत ‘तुम्ही’ फार वेळ टिकत नाही.

“ती अट कोन्ही लिखी? तूच ना?” पुनीत म्हणाला.

“हां, मीच लिखी! पुन्याना नमुना दखीसन उतारी टाकी. चुकनू मी! पन सही करताना तू बी होळी इसरनाच ना?”

पुनीत थांबला. डोंगरातल्या माणसांबरोबर जन्म काढून तो खरंच विसरला होता. “...इसरनू,” तो म्हणाला.

दोघंही ओशाळं हसले. पण हसून ऑर्डरी जात नाहीत. रूपल सरळ पॅकिंगच्या रांगेत गेली आणि आठ दिवस जास्तीचं काम कोणी उचलेल का, असं विचारलं. सगळ्यात जुनी कामगार सकीना. तिने ओढणी खोचली.

“आम्ही करी लेसूत. पन ईदले आम्हनं काम त्या पोरीस्नी कराले पाहिजे.”

सौदा चोख होता. रूपलने अट खोडून तिथेच नवी लिहिली : होळीला यांनी त्यांचं, ईदेला त्यांनी यांचं. इंदरचंदजींनी चष्म्यावरून पाहिलं.

“लिहायला काय जातं? मंगळवारी आठच्या ठोक्याला बाराही जणी फाटकात दिसल्या, तर करार चालू. एक जरी कमी पडली, तर ही संस्था बंद आणि सगळ्या संस्था बंद.”

करार बंद म्हणजे बारा घरांची मिळकत बंद. आणि... रूपलला या फाटकातून आत यायला कारणच उरणार नव्हतं. ते आठ दिवस तिला जेवण गोड लागलं नाही.

मंगळवारी साडेसातला ती फाटकाशी उभी होती. पुनीत तिच्या आधीपासून. पथारीवर, म्हणजे मिरच्या वाळवायच्या मोकळ्या मैदानावर, कोवळं ऊन पसरलं होतं. पावणेआठ झाले... आठला पाच कमी. रस्ता रिकामा.

“नाही आल्या तर?” तिने विचारलं.

“तर मी वडिलांशी भांडेन.”

“आणि हरलास तर?”

तो नुसता तिच्या जवळ सरकून उभा राहिला. तिच्या ओढणीला त्याची बाही लागली. दोघांपैकी कोणी बाजूला झालं नाही.

आठला एक मिनिट कमी असताना वळणावर जीप दिसली. आत दाटीवाटीने बसलेल्या पोरी, दोघी मागे लटकलेल्या. रूपल मोठ्याने मोजू लागली. दहा... अकरा... बारावी भुरीबाई जागरणाने तांबारलेले डोळे चोळत उतरली आणि दोघांकडे बघतच राहिली.

“सांगीसनच गयतूत ना आम्ही? मंग असं काबरं दखी ऱ्हायनात?”

खिडकीतून इंदरचंदजींनी घड्याळ पाहिलं, पोरी पाहिल्या, ओढणीला लागलेली बाहीसुद्धा पाहिली. आणि आत वळले. रूपलच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि आज त्यात मिरचीचा काही हात नव्हता.

“आता करार पक्का,” पुनीत म्हणाला. “म्हणजे तू आता... महिन्यातून एकदा पाहणीला येणार.”

“नियम तसाच आहे.”

“महिन्यातून एकदा मला पुरणार नाही, रूपल.” बोलून गेला आणि जागीच थिजला. मग धीर करून तिच्याकडे पाहिलं. “मला तू आवडतेस. खूप. रोज हवी आहेस. काही काम नसतानाही ये... कारखान्यात नाही, घरी. आज संध्याकाळी जेवायला. पण दिवस मावळायच्या आत. आम्ही जैन, आमच्याकडे रात्री जेवत नाहीत.”

रूपल खाली बघून हसली. किती दिवस वाट पाहिली होती या वाक्याची!

“आमच्याकडेही नाही जेवत,” ती म्हणाली. “सहाला येते.”